पिडल नदीकाठची टोला

इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात पिडल नावाची एक लहानशी नदी आहे. नाव जुन्या इंग्रजीतलं, अर्थ पाणथळ जागा. पण पुढे बोली इंग्रजीत ‘पिडल’ म्हणजे शू करणं असा अर्थ रूढ झाला आणि काठावरच्या गावांची पंचाईत झाली. वरच्या अंगाची पिडलट्रेंटहाइड आणि पिडलहिंटन निगरगट्टपणे तशीच राहिली. खालच्या अंगाची मात्र लाजून पडलटाउन, टॉलपडल, अफपडल झाली. पडल म्हणजे डबकं. व्हिक्टोरियन सोवळेपणाचा हा प्रताप, असं सांगतात.

1086 साली, फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकलेल्या विल्यम राजाच्या माणसांनी गावोगावचे नांगर, गिरण्या, कुरणं मोजून डूम्सडे बुकात उतरवली. सांगणारे स्थानिक सॅक्सन, राज्यकर्ते फ्रेंच बोलणारे, लिहायचं लॅटिनमध्ये! त्या गडबडीत टॉलपडलची नोंद नुसती ‘पिडेले’ अशी झाली. शेजारच्या गावांचीही तीच गत. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द लावून भागतं; इथे एवढे पिडल की प्रत्येकाला वेगळं शेपूट हवं. एका गावाची करआकारणी तीस ‘हाइड’ (जमिनीचं जुनं माप) जमिनीवर होती, म्हणून फ्रेंच ‘त्राँत’ म्हणजे तीस जोडून ते झालं पिडलट्रेंटहाइड. गावाच्या नावात सातबारा!

टॉलपडलचं ‘टॉल’ मात्र एका बाईचं आहे. टोला ही एडवर्ड द कन्फेसर राजाच्या पदरी असलेल्या ऑर्क नावाच्या सरदाराची बायको. तिने हे गाव ॲबट्सबरीच्या मठाला देऊन टाकलं. डूम्सडेच्या वेळी मालकी मठाचीच होती. तरी तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या कागदात गावाचं नाव येतं ‘टोलेपिडेले’. दान घेणाऱ्या मठाचं नाव कुणी लावलं नाही, देणारीचं लावलं. मला हे फार आवडतं. सरदारसाहेबांच्या नावाचं गाव इथे नाही.

पुढे 1834 मध्ये मजुरी घटत चालली म्हणून एकजुटीची शपथ घेणाऱ्या इथल्या सहा शेतमजुरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, थेट ऑस्ट्रेलियात. टॉलपडलचे हुतात्मे म्हणून कामगार चळवळ त्यांना आजही मानते, आणि दर जुलैत झेंडे घेऊन लोक गावात जमतात. टोलाबाई अशी दरवर्षी मिरवणुकीत निघते.

राहता राहिली पिडलवाली गावं. पिडलहिंटनमध्ये मध्यंतरी बिअरचा कारखाना निघाला. नाव ठेवलं पिडल.