आमची वाटचाल : सामाईक भिंत

मलेशियाच्या जॉर्जटाउनमध्ये २००० साली जुना भाडेनियंत्रण कायदा उठला आणि भाडी वाढून चिनी दुकानघरांच्या (खाली दुकान, वर घर) रांगा ओस पडल्या. २००८मध्ये शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं, तसे भाव चढले. मी पुण्याची, नवरा इथलाच होक्कियन, म्हणजे दक्षिण चीनमधून आलेल्या समाजातला. जोडघर घेऊन आम्ही लहानसं हॉटेल थाटलं. पण नवं काम जुन्या भिंतीला टेकवायचं नाही, हे आधीच ठरलेलं. म्हणून न्हाणीघरं म्हणजे काच-पोलादाच्या सुट्या खोल्या, जिना स्वतःच्या पायावर उभा. मधला चौक उघडाच ठेवला. वाड्यात वाढलेल्या मला तिथे पडणाऱ्या पावसाचं काय नवल!

चांगलं चाललेलं असताना शेजारच्या घरात दुसरं हॉटेल येऊ लागलं. त्यांनी दर्शनी भाग तेवढा राखला, आतलं सगळं पाडलं आणि लिफ्टसाठी खड्डा खणला. दुकानघरांची मधली भिंत सामाईक. दोन्हीकडच्या तुळयांची टोकं तिच्यातच बसलेली. आमच्या बाजूला तळापासून तिरपी भेग गेली.

आमचे म्हातारे गवंडी, सगळे त्यांना आपेक म्हणतात, पहिल्या दिवसापासून आमच्याबरोबर. त्यांनी भेगेवर आडव्या काचपट्ट्या बसवल्या. पट्टी तडकली म्हणजे भिंत अजून हलतेय. एकेक करत सगळ्या तडकल्या. पाहुणे दुसरीकडे हलवले, तुळयांखाली जॅक लावले, बँकेचा हप्ता थकला. आणि शेजाऱ्यांचं लेखी उत्तर काय? भेगा जुन्याच आहेत!

ठेकेदार म्हणाला, सिमेंट भरू, आठवड्यात मोकळे. आपेकनी साफ नकार दिला. सिमेंटमागे ओल कोंडते, लोणा धरतो, विटा भुसभुशीत होतात. त्यांनी पिंपात मुरवलेला चुना काढला, गिलावा घोटायच्या लाकडी रंध्याने थरावर थर दिले, प्रत्येक थर सुकू दिला. त्या रंध्याची मूठ त्यांच्या हाताच्या मापाने झिजलेली आहे. दुसऱ्या कुणाला ते त्याला हात लावू देत नाहीत. चुन्यावर प्लास्टिक रंग कधी फासू नका, चुन्याचाच हात द्या.

२०२०च्या टाळेबंदीतूनही निभावलो, पण ती आपत्ती सगळ्यांचीच होती. भिंतीची ही आपत्ती आमच्यावर लादलेली होती.

जुनी वास्तू घेणाऱ्यांनो, शेजारी कुदळ पडण्याआधी सामाईक भिंतीचे तारखेसह फोटो काढा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या. आमच्याकडे फोटो होते, म्हणून दुरुस्तीचा खर्च मिळाला. बंद खोल्यांची नुकसानभरपाई मात्र शेजाऱ्यांनी आजवर दिलेली नाही, आणि त्यांच्या दारावर ‘वारसा’ अशी पाटी आहे.