चौदाव्या वर्षी घरात कोण कमवत होतं?

परवा इथं इंग्लंडात, लीड्समध्ये एका सरकारी खात्याच्या नोकरीचा फॉर्म भरत होतो. शिक्षण, अनुभव, व्हिसा सगळं झालं आणि शेवटी प्रश्न आला, तुम्ही साधारण चौदा वर्षांचे असताना घरात सगळ्यात जास्त कमावणारी व्यक्ती काय काम करायची? च्यायला, नोकरी मला पाहिजे, वडलांचं काय विचारता? खाली लिहिलं होतं की हे फक्त आकडेवारीसाठी, मुलाखत घेणाऱ्याला दिसणार नाही. तरी पण.

शाळेच्या ग्रुपवर टाकलं तर एकानं लगेच लिहिलं, "काय बे, आता गरिबीचे पण मार्क मागालेत का तिकडं?"

खरी मजा पर्यायांमध्ये होती. माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या मागावर होते. मग ते कारागीर धरायचे का मशीन ऑपरेटर? जेकार्डवर, म्हणजे कापडात नक्षी विणायच्या यंत्रावर, डिझाइन काढणारा माणूस कारागीर नाही तर कोण, पण हातात मशीन हाय म्हणून शेवटी मशीन ऑपरेटरवाल्या ओळीतच टाकलं, आणि बघतो तर त्याच ओळीत पोस्टमन! आमच्या गल्लीत पोस्टमन म्हणजे सरकारी नोकरी, पेन्शन, महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार, त्यांच्या घरात मुलगी द्यायला लोक रांग लावायचे. आणि मागवाल्याचं काय, लाइट गेली की मजुरी गेली. इंग्लंडमध्ये हे दोघं एका खान्यात बसत असतील बाबा, सोलापुरात नाही बसत.

बरं, 'सगळ्यात जास्त' कमावणारा एकच विचारलाय. म्हणजे आई गेली यादीतून. ती कारखान्यातनं पान-तंबाखू आणायची, पानं भिजवायची, कापायची, हजार विड्या वळून दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायची, त्यातनं छाट, म्हणजे नापास विड्या, किती काढतील ते तिथल्या माणसाच्या मूडवर. पैसे वडलांपेक्षा कमीच. पण मला पुढं नेलं ते तिच्या विडी कामगाराच्या ओळखपत्रानं. त्यावर माझी स्कॉलरशिप झाली, आणि त्यावरच सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत घर मिळालं. विडी कामगारांसाठी दहा हजार घरांची ती योजना, कामगार नेते आडम मास्तरांनी मोर्चे काढून काढून मिळवलेली, 2006 मध्ये मनमोहन सिंगांच्या हस्ते चाव्या दिल्या. तेव्हा मी चौदा वर्षांचाच होतो! त्याआधी आम्ही सगळे एका खोलीत, भिंतीपलीकडं माग, परीक्षेच्या दिवशीच नेमकं चार दिवसाआडचं पाणी यायचं आणि घागरी भरून मग पेपरला पळायचं. नवीन घरात पहिल्यांदा दार लावून अभ्यास केला. हे लिहायला फॉर्ममध्ये जागा कुठं?

आणि दादा. तो दहावीनंतर वडलांच्या शेजारच्या मागावर उभा राहिला. मार्क माझ्यापेक्षा कमी नव्हते, तो मोठा होता, एवढंच. त्याच्या मजुरीवर माझी इंजिनिअरिंगची वर्षं निघाली. आता वरचा मजला माझ्या पैशातनं बांधलाय, त्याच्या मुलीची फी मीच भरतो, म्हणजे मी काय विसरलेलो नाही.

शाळेत प्रत्येक पाहुणा सुशीलकुमार शिंद्यांचं उदाहरण द्यायचा, कोर्टात शिपाई होते, फौजदार झाले, 2003 मध्ये मुख्यमंत्री झाले, मग तुम्हाला काय धाड भरलीय? अभिमान आम्हाला पण हाय. पण एक माणूस वर गेला की बाकीच्या हजारांना टोमणे मारायला लोकांना बरं सापडतं.

इथले लोक विचारतात तरी, हे मला आवडलं, मान्य. आपल्याकडं सरकार जातीचा दाखला बघतं, उत्पन्नाचा बघतं, पण प्रायव्हेटमध्ये? पुण्यात एका कंपनीच्या मुलाखतीत मी "करायलोय" म्हणालो आणि समोरचे दोघं एकमेकांकडं बघून हसले. आडनाव, गाव, बोली, सगळी माहिती त्यांनी न विचारताच घेतली की. पण इंग्रजांनी पण लई शहाणपणा दाखवू नये. सटन ट्रस्ट म्हणून इथली एक संस्था हाय, गरीब घरातली मुलं वर येतात का ते बघणारी, तिच्या 2019 च्या अहवालात यांच्या वरिष्ठ न्यायाधीशांपैकी 65 टक्के खासगी शाळेत शिकलेले निघाले, आणि तसल्या शाळेत मुलं जातात एकूण 7 टक्के. म्हणून तर हे प्रश्न विचारायची वेळ आलीय त्यांच्यावर.

ग्रुपवरचा तो मित्र अजून म्हणतोय की मेहनत करणारा कुठूनही वर येतो. त्याच्या वडलांचं नवी पेठेत दुकान हाय, एवढंच सांगतो.

बाकी, घरात कुणी विडी वळत असेल तर पोरांनो, स्कॉलरशिपचा फॉर्म नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर असतो. आईचं ओळखपत्र आधी शोधून ठेवा, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, साइट बसते.