शिवरस्ता अपडेट: ओढ्यापर्यंत जुळला, पुढे गायब

मागच्या वेळी रडगाणं गायलं होतं ना, की दोन्ही गावांचे नकाशे क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं सॉफ्टवेअर) शेजारी लावले की शिवेवर एकच रस्ता दोनदा दिसतो आणि मधे अख्खं शेत मावेल एवढा पट्टा उरतो. तो पट्टा गेला!! म्हणजे ओढ्याच्या अलीकडचा गेला. पलीकडचं सांगतो.

नकाशा खऱ्या जागेवर बसवायला (जिओरेफरन्सिंग) बऱ्याच जणांनी थिन प्लेट स्प्लाइन ही पद्धत लाव म्हणून सांगितलेलं. लावलं की एरर शून्य, बघून बरं वाटतं, पण तो शून्य येणारच, कारण ते नकाशा रबरासारखा ताणून प्रत्येक पॉइंटवर (नकाशात आणि जमिनीवर दोन्हीकडे सापडणारी खूण) चिकटवतं, मग मधला रस्ता कुठे वाकडा झाला ते कोणाला कळणार. माझं स्पष्ट मत, हद्दीच्या कामाला ते वापरूच नये. साधं पॉलिनोमियल १ घेतलं (ते सरळ रेघा सरळच ठेवतं), ओढ्यावरचे सगळे पॉइंट उडवले (ओढा काय दर पावसाळ्यात जागा बदलतो), जुन्या बांधीव विहिरी आणि शिवेचे दगड तेवढे ठेवले, आणि शिवेवरचे पॉइंट दोन्ही नकाशांना तेच दिले. तरी एका दगडाचा रेसिड्युअल (पॉइंट जागेपासून किती हटून बसतो तो फरक) दोन्ही नकाशांत बेक्कार येत होता, तोही एकाच दिशेला. म्हणून जाऊन बघितलं तर दगड उभा नाहीच, बांधाच्या टोकाशी आडवा पडलाय, एक बाजू चुन्याने पांढरी आणि दुसरीला ओली माती. कोणीतरी कधीतरी उपटून कडेला लावलेला. तो पॉइंट काढला आणि दोन्ही रेघा एकमेकींवर येऊन बसल्या.

आता खरी मजा. त्याच दगडाच्या पुढे दोन्ही बाजूंना घायपाताची रांग अजून शाबूत आहे, तिथे टेप लावली, साडेसोळा फूट. जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे साडेसोळा फूट बरोबर आठ आणे! पायमार्गाची सव्वाआठ फूट रुंदी म्हणजे चार आणे. हे आकडे इतके दिवस मला उगाच विचित्र वाटायचे. फायबरची टेप ताणली की वाढते, म्हणून स्टीलची न्या, जड असते पण नंतर शंका राहत नाही. आणि फोनच्या जीपीएसवर रुंदी काढायच्या भानगडीत पडू नका, साडेसोळा फूट म्हणजे ५ मीटर, तेवढी चूक तर फोन मोकळ्या रानात पण करतो.

टेप बघून शेजारच्या शेतातले काका आलेच, "रस्ता काढायला आलात का?" नाही हो काका, नुसती हौस. मग त्यांनी कलम १४३ काढलं. हे सगळीकडे होतं, लोक दोन्ही गोष्टी एकत्र करतात. असलेली वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याचं कलम ५, तेही अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. शेतात जायला दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागायची तर जमीन महसूल संहितेचं १४३. काकांचं प्रकरण पहिल्यातलं निघालं आणि मुदत अजून संपलेली नाही, तेवढं सांगून निघालो.

ओढ्याच्या पलीकडे मात्र बोंब. तिथे माझ्याकडे जमिनींच्या एकत्रीकरणानंतरचा गट नकाशाच आहे आणि त्यात रस्ता सरळ गायब, सर्व्हे नंबरांचे गट झाले तेव्हा रेघ उतरवलीच नाही बहुतेक. जमिनीवर खूण म्हणाल तर मुरमात गाडीच्या दोन चाकोऱ्या दिसतात आणि पुढे ऊस. जुन्या सर्व्हे नकाशाची नक्कल एका ऑफिसातून मिळाली ती घडीवर फाटलेल्या कागदाचा तिरका फोटो, त्याचं जिओरेफरन्सिंग करायचं म्हणजे शिक्षाच.

ऊस तुटल्यावर चालत जायचं ठरवलेलं, पण लिहिता लिहिता सुचतंय की आधी ओढ्यालगतच्या सर्व्हे नंबरांची टिपणं (मोजणीच्या वेळचे मापांसकट कच्चे नकाशे) काढावीत, त्यात मापं साखळी-आण्यात लिहिलेली असतात, नकाशा कसाही ताणला गेला तरी आकडा तोच राहतो. शिवाय वाजिब-उल-अर्ज (गावातल्या रूढी-हक्कांची नोंद) बघायचा राहिलाय, त्यात वहिवाटीच्या वाटांची नोंद असू शकते. म्हणजे चालणं पुढे ढकललं. कोणी टिपणावरून क्यूजीआयएसमध्ये शेताचा आकार काढलाय का? आण्याचं मीटर केल्यावर राउंडिंग कुठे करता तेवढं सांगा, मी सध्या एका आण्याला ०.६२८७ मीटर धरतोय.