उन्हाळ्यातलं दूध, हिवाळ्यातला साबण

इथे विस्कॉन्सिनमध्ये गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा 'अमेरिकाज् डेअरीलँड' असं छापलेलं असतं. ते वाचून डोळ्यासमोर गाई येतात, पण अमेरिकेतल्या दुभत्या शेळ्यांमध्येही हेच राज्य पहिलं आहे. आमच्या गावाबाहेरच्या एका छोट्या फार्मवर लांब कानांच्या न्युबियन शेळ्या आहेत. त्यांचे कान बघून आपल्याकडची जमनापारी शेळी आठवली तर नवल नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ही जात तयार झाली, तेव्हा हिंदुस्थानातून नेलेल्या जमनापारींचाही तिच्यात संकर झाला. फार्मची मालकीणबाई साठीची आहे. साबण करायला मी तिच्याकडेच शिकले.

तिच्याकडे साबण का होतो, याचं उत्तर शेळीच्या वर्षात आहे. दिवस लहान व्हायला लागले की शेळ्या माजावर येतात आणि पाच महिन्यांनी, म्हणजे थंडी सरता सरता, वितात. करडं दूध प्यायची थांबली की मे-जूनमध्ये दूध आवरता आवरत नाही. डिसेंबरात मात्र शेळ्या आटवलेल्या असतात आणि दुधाचा थेंब नसतो. कच्चं दूध उघडपणे विकायला इथल्या कायद्याची जवळपास बंदीच आहे. मग काही दुधाचं चीज होतं आणि उरलेलं बर्फाच्या साच्यांत ओतून गोठवलं जातं. पारा शून्याखाली वीसवर जाऊन हाताच्या सांध्यांवर भेगा पडतात, तेव्हा तेच दूध साबण होऊन बाथरूममध्ये आलेलं असतं. शेळीच्या साबणातलं मला सर्वांत आवडलेलं आहे ते हेच: जूनमधलं दूध जानेवारीपर्यंत पोचवायची ही रीत.

आता कृती. एक किलो तेल धरा: ६०० ग्रॅम ऑलिव्ह, ३०० ग्रॅम खोबरेल, १०० ग्रॅम एरंडेल. त्याला १४० ग्रॅम शुद्ध कॉस्टिक सोडा आणि २८० ग्रॅम गोठवलेलं दूध. सगळं वजनाने, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. वाटी-चमचा इथे चालत नाही. खोबरेलाला ग्रॅममागे ऑलिव्हपेक्षा बराच जास्त सोडा लागतो, म्हणून एक तेल बदललं तरी इंटरनेटवरच्या लाय कॅल्क्युलेटरवर (लाय म्हणजे हाच कॉस्टिक सोडा) हिशेब नव्याने करायचा. वरच्या मापात सुमारे पाच टक्के तेल मुद्दाम मोकळं राहतं. कातडी ओढल्यासारखी होत नाही, ती त्यामुळे. नाली साफ करायची पावडर सोडा म्हणून वापरू नका, तिच्यात इतर काहीबाही मिसळलेलं असतं.

डोळ्यांवर गॉगल, हातात मोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, खिडक्या उघड्या आणि मुलं-मांजरं खोलीबाहेर. भांडं स्टीलचं, अॅल्युमिनियम सोड्याने खाल्लं जातं. दुधाचे बर्फाचे खडे त्या भांड्यात घ्यायचे, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवायचं आणि सोडा चिमटी-चिमटीने दुधावर भुरभुरवायचा. दूध सोड्यावर कधीही ओतायचं नाही. सोडा विरघळताना इतकी उष्णता निघते की खडे बघता बघता वितळतात. घाई केली तर दुधातली साखर करपते, रंग केशरी-तपकिरी होतो आणि अमोनियाचा उग्र दर्प नाकात जातो. ही बाई प्रत्येक चिमटीनंतर थांबते, ढवळते, भांड्याला हात लावून बघते आणि मगच पुढची चिमूट टाकते. तिचं मिश्रण शेवटपर्यंत फिकट पिवळं राहतं.

मग ते कोमट तेलात ओतून हँड ब्लेंडर फिरवायचा. दोन-चार मिनिटांत तेलाची चकाकी जाते. ब्लेंडर उचलल्यावर पडलेली धार भज्याच्या पिठासारखी क्षणभर वर दिसत राहिली, की थांबायचं. साच्यात ओतून साचा थेट फ्रिजमध्ये. साधा साबण गोधडीत गुंडाळून उबेला ठेवतात, दुधाचा ठेवला तर आतून तापून मधोमध काळपट होतो. एक-दोन दिवसांनी मोजे घालूनच वड्या पाडायच्या आणि जाळीवर हवेशीर जागी चार ते सहा आठवडे ठेवायच्या. पाणी उडतं, वडी टणक होते, फेस मऊ येतो.

'नैसर्गिक' या शब्दाबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. सोड्याशिवाय वडीचा साबण होतच नाही. 'आमच्या साबणात केमिकल नाही' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सोडा तेलाशी एकजीव होऊन त्याचं साबण आणि ग्लिसरीन बनतं आणि माप बरोबर असेल तर सोडा म्हणून काहीही उरत नाही. तरी खरा साबण क्षारधर्मीच असतो, त्याचा पीएच नऊ-दहाच्या आसपास. दूध घातल्याने तो कातडीइतका सौम्य होत नाही. इसब बरा होतो वगैरे तर सांगूच नये. अमेरिकेचा कायदा इथे मला फार पटतो: साबण नुसता साबण म्हणून विकला तर साबण, 'त्वचा मुलायम करतो' म्हटलं की सौंदर्यप्रसाधन, आणि 'रोग बरा करतो' म्हटलं की औषध, मग औषधाचे सगळे नियम लागू. आपल्याकडच्या प्रदर्शनांतल्या स्टॉलवर बाळाच्या इसबावर रामबाण म्हणून साबण आईच्या हातात ठेवतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. अशा बाळाला डॉक्टरांना दाखवायला हवं.

तिकडे करणार असाल तर पावसाळा टाळा. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, वड्यांना घाम सुटतो आणि कोकणात तर त्या वाळणारच नाहीत. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. झालेल्या वड्या वर्षभरात वापरून टाका. नंतर मोकळं राहिलेलं तेल खवट होऊन केशरी ठिपके उमटायला लागतात.