टायबेरियसला 20 टक्के

दोन हजार वर्षांपूर्वीचं नाणं शंभर वर्षांहून जुनं आहे, हे पटवून द्यायला मला सात आठवडे लागले.

मी इंग्लंडमध्ये राहतो. जर्मनीतल्या एका विक्रेत्याकडून रोमन सम्राट टायबेरियसचा दिनारियस, म्हणजे चांदीचं नाणं, घेतलं, टपालखर्च धरून 240 पौंड. कोइमतूरकडे रोमन चांदीचे जे साठे निघाले त्यांत हा छाप खूप सापडतो, म्हणून मला हाच हवा होता. पार्सल चार दिवसांत इथल्या कुरियरकडे पोचलं आणि त्यांचा मेसेज आला: 20 टक्के व्हॅट भरा, शिवाय हाताळणीचे 12 पौंड.

इथे शंभर वर्षांवरच्या संग्राह्य नाण्याला आयातीवर 5 टक्केच बसतात. पण बिलावर नुसतं 'चांदीचं नाणं' लिहिलेलं, त्यामुळे कुरियरवाल्यांनी ते 7118 या साध्या नाण्यांच्या सीमाशुल्क कोडखाली टाकलं. हवा होता 9705 31, शंभर वर्षांवरच्या संग्राह्य नाण्यांचा. मागवणार असाल तर हा कोड आणि '100 वर्षांहून जुने' हे शब्द बिलावर आधीच लिहून घ्या.

त्यांच्या ऑनलाइन फॉर्मात 'निर्मितीचे वर्ष' होतं. टायबेरियसची कारकीर्द इ.स. 14 ते 37. 37 टाकलं, चौकट लाल. 0037, तरी लाल. 'मूळ देश' या यादीत रोमन साम्राज्य नसणार हे मलाही कळतं; टांकसाळ लुग्दुनमची, म्हणजे आजचं लिऑन, म्हणून फ्रान्स निवडलं. तर उत्तर, माल जर्मनीहून आलाय, फ्रान्स कसं? पुन्हा फोन, तेच संगीत, नवा माणूस, पहिल्यापासून कथा. एकानं विचारलं, "सर, नाण्यावर साल छापलंय का?"

नाही हो, नाव छापलंय! विक्रेत्यानं पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. ठसा जरा सरकलाय, काही अक्षरं कडेला कापली गेलीत, पण 'दिवि' शाबूत आहे: दिव्य ऑगस्टसचा पुत्र. मागच्या बाजूला बसलेली स्त्री, एका हातात राजदंड, दुसऱ्यात फांदी. ही त्याची आई लिव्हिया असं बरेच जण मानतात. भोवती 'पोंटिफ मॅक्सिम', म्हणजे मुख्य पुरोहित. पावणेचार ग्रॅम चांदीत त्यानं आपली सगळी ओळख कोंबलीय, आणि यांना साल हवं.

येशूनं कराचं नाणं मागवून 'हे चित्र कोणाचं?' विचारलं, ते नाणं हेच अशी परंपरेनं समजूत आहे. त्याला निदान एका वाक्यात उत्तर मिळालं.

शेवटी कंटाळून पैसे भरले, नाणं सोडवलं आणि सरकारकडे परताव्याचा अर्ज केला. आधी चुकीचाच फॉर्म भरला, दोन आठवडे गेले: कुरियरनं आलं असेल तर सी 285, रॉयल मेल किंवा पार्सलफोर्सनं आलं असेल तर बीओआर 286. सोबत बिल, दोन्ही बाजूंचे फोटो आणि रोमन नाण्यांच्या प्रमाण सूचीतला (आरआयसी) संदर्भ क्रमांक जोडला, आरआयसी टायबेरियस 30. माझ्या मते त्या क्रमांकानंच काम केलं. माझ्या लांबलचक पत्रानं नव्हे.

36 पौंड परत आले. हाताळणीचे 12 गेले ते गेलेच. कुरियरच्या पावतीवर मूळ देश अजून जर्मनीच आहे.