पॅक बंद करून चालवून दाखवा

माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरला वर्ष झालं त्या सकाळी स्क्रीनवर नकाशाच्या जागी एक छोटं कुलूप आलं. खाली ‘नूतनीकरण करा’ असं बटण. दोन गाड्यांच्या मधून मागे घ्यायला रिव्हर्स दाबलं, तर तेही बंद. सव्वाशे किलोचं धूड हाताने ओढून काढलं. मोटर कालचीच होती, वायरी कालच्याच होत्या. घेताना सोबत सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या सोयींचा एक ‘पॅक’ होता, ‘यात सगळं मिळतं’ असं सांगितलं होतं. ते एका वर्षापुरतंच आहे, हे कागदावर बारीक अक्षरात होतं. पैशांपेक्षा मला हे लागलं, की विकत घेतलेली वस्तू माझ्याच दारात उभी आहे आणि तिची किल्ली दुसऱ्याकडे आहे.

त्यामुळे धाकट्या भावाला स्कूटर घ्यायची ठरली, तेव्हा आधी सगळं नीट समजून घ्यायचं ठरवलं. त्याचा पगार बेताचा, रोजचं जाणं-येणं ३० किलोमीटर. पेट्रोलचे वाचतील त्यातून हप्ता निघेल, हा त्याचा हिशोब. तो चुकीचा नव्हता. अशी स्कूटर किलोमीटरला साधारण ३० वॉट-तास वीज घेते; चार्जिंगमध्ये वाया जाते ती धरली तरी त्याचं रोजचं काम एका युनिटच्या आसपास भागतं. विजेचं ओझं नाहीच. ओझं बॅटरीचं, आणि आता तिच्या जोडीला सॉफ्टवेअरचं.

तीन शोरूम पालथी घातली. टेस्ट राइडच्या गाडीत नेहमी सगळं चालू असतं, हे पहिल्याच ठिकाणी लक्षात आलं. मी म्हटलं, पॅक बंद करून चालवून दाखवा. सेल्समन गोंधळला. “तशी गाडी नाही आमच्याकडे, मॅडम.” दुसरीकडे मॅनेजरने सर्व्हिसवाल्यांना फोन लावला आणि अर्ध्या तासात एक गाडी मूळ रूपात आणून दिली. भाऊ चक्कर मारून आला आणि म्हणाला, “ताई, पळते तशीच गं. फक्त चढावर थांबलो तर मागे सरकते.” म्हणजे हिल होल्ड पॅकमध्ये होतं. नकाशा आणि स्क्रीनवरचे कॉलही गेले होते, पण ते काम फोन करतो. तिसऱ्या ठिकाणी मात्र पॅक नसेल तर सगळ्यात वेगवान मोड बंद आणि फास्ट चार्जिंगही बंद. ते फोनने भरून निघणारं नाही. ती गाडी आम्ही तिथेच सोडली.

मग दुसऱ्या शोरूमला ईमेलवर चार प्रश्न विचारले. पैसे न भरता कायम काय चालू राहील? सॉफ्टवेअरचे अपडेट मिळत राहतील का? बॅटरीची वाढीव वॉरंटी पॅकशी बांधलेली आहे का? आणि गाडी विकली तर पॅक पुढच्या मालकाकडे जाईल का? उत्तर यायला चार दिवस लागले, पण लेखी आलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं होतं. पॅक खात्याच्या नावावर, गाडीच्या नाही. म्हणजे गाडी विकताना त्या पैशांचं काहीच हाती येणार नव्हतं. पाच वर्षांची वर्गणी मांडून पाहिली, तर स्कूटरच्या किमतीच्या आठव्या हिश्शाएवढी भरली. ही रक्कम जाहिरातीत कुठेच नसते.

बॅटरी भाड्याने घ्यायची योजनाही समोर आली. गाडी बरीच स्वस्त, बॅटरीचं भाडं दरमहा. मला वर्गणीचा मुळात राग नाही. तैवानमध्ये गोगोरो ही कंपनी २०१५ पासून हेच करते आहे. संपलेली बॅटरी केंद्रावर ठेवायची, भरलेली उचलायची, आणि बॅटरी जुनी होण्याची काळजी कंपनीची. तिथे दर महिन्याला आपल्याला काहीतरी मिळतं. गाडीत आधीच बसवलेल्या वस्तूचं तसं नाही. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत गरम होणाऱ्या सीटसाठी महिन्याची वर्गणी लावली होती. लोक इतके चिडले की २०२३ मध्ये कंपनीने माघार घेतली. स्कूटर घेणारे तेवढा आवाज करत नाहीत, कारण आपल्याला पहिली किंमत कशीबशी जमवायची असते. आम्हाला दाखवलेल्या योजनेत बॅटरी बदलून मिळत नव्हती, शिवाय गाडी दारात उभी राहिली तरी ठरावीक किलोमीटरचं भाडं द्यायचं होतं. भाऊ आजारी पडला, काम सुटलं, तर? नको म्हटलं.

दुसऱ्या शोरूमचीच गाडी घेतली, पॅकशिवाय. बिल हातात आलं तर पॅकची ओळ त्यात होतीच. “सगळेच घेतात,” म्हणाले. ती काढून नवीन बिल करायला तासभर गेला. आम्ही बसून राहिलो.

सात महिने झाले. भावाने हँडलवर फोनचा स्टँड लावलाय, चढावर थांबला की ब्रेक धरून ठेवतो. त्याच्या गाडीला रिव्हर्स मूळ किमतीतच आहे. माझ्या गाडीचं मात्र मी नूतनीकरण केलं, एकट्या रिव्हर्ससाठी.