ओकीचोबीच्या पाणगवतातले दोन सेकंद

ओकीचोबी सरोवर रस्त्यावरून दिसत नाही, ही त्या सरोवराबद्दलची माझी पहिली तक्रार होती. नकाशावर फ्लोरिडाच्या दक्षिण भागात सुमारे ७३० चौरस मैलांचा निळा गोल ठळक दिसतो. प्रत्यक्षात मात्र काठच्या साउथ बे गावापासून क्लूइस्टन गावाकडे मोटारीने जाताना एका बाजूला उसाची शेते आणि दुसऱ्या बाजूला गवताने झाकलेली मातीची उंच भिंत, एवढेच सोबतीला असते. १९२८ च्या चक्रीवादळात या सरोवराचे पाणी लोटून किमान अडीच हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यानंतर हा बांध उभा राहिला, असे मामांनी गाडीतच सांगितले, तेव्हा मी ती तक्रार मागे घेतली.

मामा फ्लोरिडातच राहतात आणि निवृत्तीनंतर त्यांचे वर्षातले निम्मे दिवस बॅस मासा गरवण्यात जातात. मी राहते त्या उत्तरेकडच्या राज्यात फेब्रुवारीत तळी गोठलेली असतात. त्यांनी तीन वर्षे आग्रह केला आणि या वर्षी मी चार दिवसांची सवड काढून गेले. पासष्टी ओलांडलेल्या स्थानिक रहिवाशाला परवाना लागत नाही, म्हणून परवाना फक्त माझाच काढावा लागला. बाहेरच्या राज्यातील व्यक्तीसाठी सात दिवसांचा, ३० डॉलरचा. त्या चार दिवसांत मला जे मिळाले, त्याच्या मानाने ही रक्कम काहीच नाही. जी रक्कम मला अजून बोचते, ती निघण्याआधी आमच्या शहरातल्या एका दुकानात मी घालवली.

त्या दुकानात आमिषांची एक आख्खी भिंत होती. मी ओकीचोबीला चालले आहे, असे सांगूनही विक्रेत्याने माझ्या टोपलीत क्रँकबेट भरले. क्रँकबेट म्हणजे पुढे प्लास्टिकची जीभ असलेला आणि पोटाखाली तीन तोंडांचे दोन गळ लोंबणारा छोटा कृत्रिम मासा. दोरा गुंडाळू लागले की ती जीभ पाणी कापते आणि मासा थरथरत खोल जातो. खडकाळ तळाच्या, मोकळ्या पाण्याच्या तलावात हे उत्तम आमिष आहे, यात शंका नाही. ओकीचोबीची सरासरी खोली मात्र नऊ फुटांच्या आसपास आहे आणि बॅस ज्या कडेला राहतो तिथे लव्हाळे, हायड्रिला नावाचे पाणगवत आणि कमळपानांचे इतके दाट रान आहे, की सहा उघड्या टोकांचे ते आमिष प्रत्येक फेकीला मूठभर गवत घेऊनच परत येते. गवत काढा, पुन्हा फेका, पुन्हा गवत काढा, असा माझा पहिल्या दिवसाचा पूर्वार्ध गेला. ज्याला गरवण्याचे सामान विकायचे आहे, त्याने गिऱ्हाइकाला आधी पाणी कसे आहे हे विचारले पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

मामांनी दुपारपर्यंत मला काहीच म्हटले नाही. मग त्यांनी एक काठी माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "अगं, इथे गळ लपवावा लागतो. माशापासून नव्हे, गवतापासून."

त्यांनी जे बांधून दाखवले, त्याला टेक्सास रिग म्हणतात. आधी दोऱ्यात बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे टंगस्टनचे वजन ओवायचे, मग मानेजवळ बाक असलेला गळ बांधायचा. जांभळ्या रंगाचे, हिरव्या चमकीचे मऊ प्लास्टिकचे गांडूळ घ्यायचे, गळाचे टोक त्याच्या डोक्यातून जेमतेम अर्धा इंच आत घालून बाजूने बाहेर काढायचे, गळ अर्धा फिरवायचा आणि तेच टोक गांडुळाच्या अंगात असे रोवायचे की बाहेर काहीच दिसू नये. गांडूळ सरळ राहिले पाहिजे. वाकडे राहिले तर पाण्यात ते गरगरते आणि दोऱ्याला पीळ पडतो. वजन टंगस्टनचे घेण्याचे कारण असे, की ते शिशापेक्षा घन असल्याने तेवढ्याच भारासाठी आकाराने लहान असते, गवताच्या फटीतून सहज उतरते आणि तळाला काय लागले ते दोऱ्यातून अधिक स्पष्ट कळवते.

इथून पुढे बाकीचे सामान आपोआप ठरत जाते आणि मला हीच गोष्ट फार सुंदर वाटली. गळाचे टोक आधी प्लास्टिक फोडून मग माशाच्या जबड्यात शिरणार, म्हणजे हिसका जोराचा हवा, म्हणजे काठी ताठ हवी. मामांची सात फुटी होती, फक्त शेंड्याला लवणारी. मासा लागल्याबरोबर गवतात घुसणार, म्हणजे दोरा विणलेला हवा, पन्नास-पासष्ट पौंड ताण सोसणारा, कारण तो जराही ताणला जात नाही आणि पाणगवताचे देठ कापत येतो. साधे नायलॉनचे तंगूस ताणले जाते, त्यामुळे लांबवरचा हिसका वाटेतच विरतो. फ्लुरोकार्बनचा दोरा पाण्यात जवळपास दिसेनासा होतो आणि बुडतो, म्हणून तो निवळ, मोकळ्या पाण्यात उपयोगी. एका माशाच्या एका सवयीपासून निघून काठी, रीळ, दोरा, वजन आणि गळ इथपर्यंत विचाराची साखळी कुठेही तुटत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा सामानाचा सोस वाटतो. पण खोक्यातली प्रत्येक वस्तू म्हणजे मासा आत्ता कुठे आणि कसा असेल याबद्दल कोणीतरी कधीतरी बांधलेला अंदाज असतो आणि तो अंदाज खरा की खोटा, हे मासाच सांगतो.

बेटकास्टर रिळाची सवय होण्यात माझा उरलेला दिवस गेला. त्यात आमिष उडताना रिळावरची फिरकी स्वतः फिरते आणि आमिष मंदावले तरी फिरकी त्याच वेगात राहिली तर दोऱ्याचा असा गुंता होतो, की तो सोडवताना बोटे दुखून येतात. उपाय एकच: अंगठा. अंगठ्याने फिरकीला इतके हलके स्पर्शून राहायचे की ती थांबू नये आणि मोकाटही सुटू नये. दुसऱ्या दिवशी वारा होता. एवढे उथळ सरोवर वाऱ्याने ढवळून तळापर्यंत गढूळ झाले आणि आम्ही लवकर परतलो.

तिसऱ्या दिवशी पहाटे धक्क्यावर स्पर्धेला आलेल्या बोटींची रांग होती. वीस-एकवीस फुटी, चकचकीत, अडीचशे अश्वशक्तीच्या यंत्रांच्या बोटी उजाडताच एकामागून एक सुटल्या आणि त्यांच्या लाटांनी आमची सोळा फुटी ॲल्युमिनियमची होडी बराच वेळ हेलकावत राहिली. मला ती गर्दी आणि तो आवाज अजिबात आवडला नाही. मामा मात्र या स्पर्धांविषयी आदरानेच बोलतात. १९६७ मध्ये रे स्कॉट यांनी बॅस गरवणाऱ्यांची संघटना उभी केली आणि १९७२ पासून पकडलेला मासा जिवंत सोडण्याचा आग्रह आपल्या स्पर्धांमध्ये धरला. त्याआधी पकडलेला मासा घरी नेणे हीच रीत होती. आज फ्लोरिडाच्या नियमाप्रमाणे दिवसाला पाच बॅस ठेवता येतात आणि त्यांपैकी एकच सोळा इंच किंवा त्याहून मोठा असू शकतो. मामा एकही ठेवत नाहीत.

आम्ही मोकळे पाणी सोडून आत, लव्हाळ्यांच्या मागच्या शांत खणात शिरलो. पलीकडच्या शेतांत तोडणीआधी ऊस पेटवला होता आणि त्याच्या राखेचे काळे, पिसासारखे तुकडे पाण्यावर आणि आमच्या बाह्यांवर पडत होते. पाणी इथे चहासारखे तांबूस पण स्वच्छ होते. काठाशी वाळूत दोन फुटी फिकट गोल दिसत होते आणि एका गोलावर एक मासा स्थिर उभा होता. तो नर. फ्लोरिडात हे दिवस अंडी घालण्याचे; नर शेपटीने तळ साफ करून घरटे करतो आणि मादी अंडी घालून गेल्यावर अंड्यांची आणि नंतर पिल्लांची राखण करतो. त्या वेळी तो घरट्याजवळ आलेल्या कशावरही तुटून पडतो, म्हणून त्याला गरवणे सोपे असते. मामांनी वल्ह्याने होडी वळवली. "त्याला इथून उचलले, की तो परत येईपर्यंत ब्लूगिल नावाचे छोटे मासे अंडी खाऊन टाकतात," एवढेच ते म्हणाले. नियम त्याला हरकत घेत नाही. मामा घेतात आणि मला त्यांचे पटले.

पुढे कमळपानांचा गालिचा होता. मामांनी मला बेडकाच्या आकाराचे पोकळ आमिष दिले. त्याचे दोन्ही गळ पाठीला घट्ट चिकटलेले असतात, त्यामुळे ते पानांवरून सरकत जाते आणि कुठे अडकत नाही. माशाने तोंडात धरले की पोकळ अंग दबते आणि गळ उघडे पडतात. आदल्या रात्री त्यांनी मला एक गोष्ट चार वेळा सांगितली होती. पाणी उसळले तरी हिसका द्यायचा नाही. दोन सेकंद थांबायचे. मासा आमिष घेऊन खाली वळला आणि त्याचे वजन हातात आले, की मग.

मी बेडूक पानांवरून ओढत आणला आणि ताटाएवढ्या एका मोकळ्या जागेत थांबवला. त्याच्या रबरी पायांचे धागे पाण्यावर पसरून हलले आणि निवांत झाले. शेजारचे एक पान खालून किंचित उचलले गेले. वारा नव्हता. मग ती जागा फुटली. दुसरा शब्द मला सुचत नाही. पाणी, पाने आणि त्यांच्यामधून वर आलेला हिरवा-काळा जबडा, हे सगळे एकदम दिसले आणि घागर विहिरीत आपटावी तसा आवाज झाला. मी त्याच क्षणी काठी खेचली. बेडूक मामांच्या टोपीजवळून मागे गेला आणि पाण्यावर बुडबुड्यांशिवाय काही उरले नाही.

डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला हाताने उत्तर न देणे किती अवघड आहे, हे मला तेव्हा कळले. मामा रागावले नाहीत. त्यांनी गांडुळाची काठी आधीच उचलून धरली होती. "त्याच भोकात. लगेच."

गांडूळ त्याच ताटाएवढ्या जागेत पडले, हे मी दोन दिवस अंगठ्याने शिकलेल्या गोष्टीचे फळ मानते. चार फूट पाण्यात ते खाली जाऊ लागले. या वेळी पाहण्यासारखे काहीच नव्हते. दोरा पानाच्या कडेवरून पाण्यात उतरत होता आणि मी तो डाव्या हाताच्या तर्जनीवर धरला होता. मग टक् झाले. पाण्याच्या टोकाला कोणी दोऱ्यावर बोटाने टिचकी मारावी, इतकेच. बॅस चावत नाही. तो तोंड उघडतो आणि भोवतालच्या पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो आणि खोटे वाटले तर तितक्याच झटपट बाहेर टाकतो. ती टिचकी म्हणजे त्याने तोंड मिटल्याची खूण. हा निर्णय त्याने घेतला होता आणि आता माझी पाळी होती. दोरा हळूहळू डावीकडे चालू लागला. मी शेंडा खाली केला, ढील गुंडाळली आणि कमरेतून हिसका दिला.

काठी मुठीपर्यंत वाकली. मासा सरळ हायड्रिलाच्या जाळीत घुसला आणि ताणलेल्या दोऱ्याने देठ कापले जात असताना होणारी करकर मला काठीच्या मुठीत ऐकू आली. कानांनी की हातांनी, हे आजही सांगता येणार नाही. "ढील देऊ नकोस, त्याला डोके वळवू देऊ नकोस," मामा म्हणत होते. आधी वर आला तो गवताचा भाराच. त्याच्या आत मासा होता.

मादी होती, सहा पौंड दोन औंस. मामांनी हात ओले करायला लावले, कारण कोरड्या हाताने तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. मग मी अंगठा तिच्या खालच्या जबड्यावर ठेवला आणि दुसरा हात पोटाखाली घेतला. एवढा जड मासा नुसत्या जबड्याला आडवा लोंबवला तर जबड्याला इजा होते. बॅसचे दात पॉलिशपेपरसारखे बारीक आणि खरखरीत असतात. तिच्या कुशीवरचा काळा पट्टा कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत तुटक-तुटक गेला होता आणि सोनेरी डोळा माझ्याकडे नव्हे, पाण्याकडे होता. मी तिला पाण्यात धरून ठेवले. तिने कल्ले दोनदा उघडले, शेपूट एकदाच हलवली आणि ती हातात नव्हती.

मला बराच वेळ काही बोलता आले नाही. सर्वांत वजनदार बॅसचा विक्रम मामांनी तेव्हाच सांगितला: २ जून १९३२, जॉर्जियातील मॉन्टगोमेरी लेक, जॉर्ज पेरी नावाचा तरुण शेतकरी, २२ पौंड ४ औंस. तो आणि त्याचा मित्र मिळून एकच काठी वापरत होते, असे सांगतात. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी जवळजवळ एक औंस अधिक वजनाचा मासा पकडला; पण जुना विक्रम मोडायला किमान दोन औंसांचा फरक लागत असल्याने दोघांचीही नावे बरोबरीने लागली. "काठी एक असली तरी चालते," मामा म्हणाले, "ती त्या पाण्याची असली पाहिजे."

माझ्या अंगठ्याचे कातडे खरवडले गेले होते आणि गांडुळाचे डोके फाटले होते. मी फाटलेला अर्धा इंच तोडून डबीत ठेवला, उरलेले गांडूळ पुन्हा सरळ ओवले आणि टोक त्याच्या अंगात लपवले. मामांनी वल्हे उचलून पुढच्या कमळपानांकडे बोट केले.